लाल मूठ

"वायसर गेलाय." नळ गळत असो, फ्लशची टाकी भरत नसो की शेजारच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलेलं असो, आबांचं निदान एकच. नळात जसा वायसर असतो तसा माणसाच्या डोक्यातही एक असतो, आणि तो गेला की माणूस थेंब थेंब बरळत राहतो, असं त्यांचं शास्त्र होतं. सगळ्या वस्तीने म्हणून त्यांचंच नाव वायसर ठेवलं होतं. तोंडावर मात्र जो तो आबा म्हणायचा, कारण आबांशी वाकड्यात शिरलेल्या माणसाची मोरी ऐन पाहुण्यांच्या गर्दीत तुंबलेलीच राहायची.

प्लंबर म्हणून माणूस पक्का होता, ते नाकारायचं नाही. पण जीभ अशी की मोरी परवडली. तुंबलेल्या पाइपमधून जे काही निघेल ते वर्तमानपत्रावर मांडून दारात ठेवायची त्यांची पद्धत होती. केसांचे बोळे, भाताची शितं, मुलांची खेळणी, आणि जे चारचौघांत दाखवायचं नसतं तेही. नव्यानेच लग्न झालेल्या एका जोडप्याच्या दारात त्यांनी असाच कागद पसरला होता आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवला होता. ती पोरगी कितीतरी दिवस मान वर करून जिना उतरली नाही. आबा म्हणाले, लाजायचं होतं तर पाइपात टाकायचं नव्हतं.

मग मांडामांड झाली की उपदेश यायचा. "घाण अडवायची नाही. वाट द्यायची." हा त्यांचा मंत्र. अडवलं की सडतं, वाहिलं की सुटतं. उभं आयुष्य त्यांनी अडलेलं मोकळं करण्यात घालवलं होतं, तेव्हा यात चुकायला काही जागा असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. स्वयंपाकघरातला नळ वर्षानुवर्षं ठिबकत होता. बायकोने सांगितलं, विनवलं, शेवटी सांगायचं सोडून दिलं. तिने नळाच्या तोंडाला एक सुतळी बांधली, म्हणजे थेंब सुतळीवरून गुपचूप उतरायचा आणि त्याचा आवाज व्हायचा नाही. ती आजारी पडली तेव्हाही अंथरुणावरून सेवेला आलेल्या सुनेला सांगायची, सुतळी बदल गं, कुजली असेल. ती गेली आणि समाचाराला माणसं येणार म्हणून आबांनी वायसर बदलला. चहा व्हायला लागतो तेवढ्या वेळात नळ बंद झाला. सून तिथेच उभी होती. तिने ती सुतळी उचलली आणि केराच्या डब्यात टाकायच्या ऐवजी खिशात ठेवली.

ही सून दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीत बसायची. दिवसभर कण्हणाऱ्या, ओरडणाऱ्या माणसांना शांतपणे नंबर द्यायचा, हे तिचं काम. मुलगा चष्म्याच्या दुकानात होता. दुसऱ्यांना स्वच्छ दिसावं म्हणून झटणारा हा माणूस घरातलं मात्र काही बघायचं नाही असं ठरवूनच जगत होता. त्यांना एक मुलगी होती, शाळेत जाणारी. घर दोन खोल्यांचं. बायको गेल्यावर आबा त्यांच्याकडे राहायला आले, आणि दोन खोल्यांतली दीड खोली आबांच्या जिभेनेच भरून गेली. भाजीत पाणी फार, नात अभ्यासात ढ, सून कामावरून येते की फिरून, असं सकाळपासून चालायचं. नात आजोबा घरात असले की डोकं दुखतं म्हणू लागली.

तोडगा सुनेनेच काढला. तिच्या वडिलांचा धंदा कॅम्पर भाड्याने देण्याचा होता. कॅम्पर म्हणजे पाठीवर घर घेतलेली गाडी: आत पलंग, शेगडी, आणि कपाटाएवढी न्हाणी, तिच्यातच शौचकूप. धंदा बंद करताना त्यांनी एक जुना कॅम्पर लेकीला दिला होता आणि तो परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, उभा होता. तिने तो धुऊन काढला, पडदे लावले, नवी गादी घातली. आबांनी तिथे राहायचं, जेवायला घरात यायचं. तुमचं स्वतंत्र घर, आबा, असं मुलगा म्हणाला. आबांनी आधी नाक मुरडलं आणि आत पाऊल टाकताच त्यांचा चेहरा उजळला. इतक्या लहान जागेत इतके पाइप त्यांनी कधी पाहिले नव्हते.

मुलाने एकच गोष्ट स्पष्ट केली होती. हे जमलं तर उत्तम. नाही जमलं तर गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे, स्वच्छ आहे, त्याच्या दुकानात चष्मे करायला येणारे व्यवस्थापक ओळखीचे आहेत. तो हे इतक्या मवाळ आवाजात बोलला की धमकी आहे हे कळायला आबांना जेवण संपेपर्यंत वेळ लागला. वृद्धाश्रम म्हटलं की त्यांना सार्वजनिक न्हाणी दिसायची, ओळीने बेसिनं, आणि एकाही नळावर आपला हुकूम नाही.

म्हणून ते कामाला लागले. पाण्याचा पंप घुरघुरत होता. त्यांनी त्याच्या जाळीपाशी हवा ओढली जात होती ती जागा शोधून आवळली आणि पंप गप्प झाला. मग मैल्याची टाकी. ती गाडीच्या पोटाखाली होती. तिच्यातून एक जाड नळी निघत होती आणि नळीच्या तोंडाशी एक सरकती झडप होती. झडपेची लाल मूठ गाडीच्या बाहेर, बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून होती. मूठ आत ढकलली की झडप बंद, बाहेर ओढली की उघडी. आबांनी ती नळी परसातल्या गटाराच्या चेंबरला जोडली, पाणसळ लावून उतार दिला, खाली विटा रचल्या. मग लाल मूठ बाहेर ओढली आणि हात झटकले. त्यांचा जुना मित्र रंगारी मदतीला आणि मुख्य म्हणजे कौतुकाला उभा होता.

सून कपडे वाळत घालायला आली होती. ती थांबली.

"आबा, ती मूठ बंद ठेवा. टाकी भरत आली की मगच ओढायची, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं जातं. उघडी ठेवलीत तर नुसतं पाणी निघून जातं आणि बाकीचं तिथेच बसतं."

तिने हे नीट, आदराने सांगितलं. लहानपणी गिऱ्हाईकं गाडी परत करून गेली की ती वडिलांबरोबर याच टाक्या धुवायची. आबांनी रंगाऱ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस? बाप गाड्या भाड्याने द्यायचा म्हणून लेक प्लंबर झाली. घाण अडवून ठेवा म्हणते. सूनबाई, गाडी चालताना सांडू नये म्हणून असते ती झडप. ही गाडी चालतेय का? वायसर गेलाय तुझा."

रंगारी खो खो हसला. सुनेने चिमटे डब्यात टाकले आणि आत गेली. एवढ्यावर थांबते तर तो आबांचा स्वभाव कसला? त्यांनी ती गोष्ट वाण्याला सांगितली, न्हाव्याला सांगितली, कोपऱ्यावरच्या बाकावर रोज एकदा सांगितली. शेवटी सून भाजी घ्यायला गेली तेव्हा भाजीवाल्याने विचारलं की ताई, आमची मोरी तुंबलीय, येता का बघायला. तिने भाजी घेतली, हसलीही. त्या दिवसापासून त्या झडपेबद्दल तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. अळीमिळी गुपचिळी.

वास यायला लागला तो हळूहळू. आधी आबांना वाटलं चेंबरचा असेल. मग त्यांनी कंबर कसली आणि एकेक वाट तपासायला घेतली. न्हाणीच्या जाळीखाली पाइपचा बाक असतो, त्यात पाणी साचून वास अडतो. तो बाक कोरडा पडला होता, कारण आबा आंघोळ घरातच करायचे. त्यांनी त्यात पाणी ओतलं, वर दोन थेंब तेल सोडलं, म्हणजे पाणी लवकर आटणार नाही. वास थोडा कमी झाला. आबांनी रात्रीच्या जेवणात ते तीनदा सांगितलं. सुनेने पोळी वाढली.

वास परत आला. आबांनी शौचकुपाच्या भांड्याखालचं रबरी कडं बदललं. खरोखरच झिजलेलं होतं ते. वायसर गेला होता, असं त्यांनी विजयाने जाहीर केलं. पुन्हा काही दिवस बरे गेले आणि पुन्हा वास आला, आधीपेक्षा जड, स्वयंपाकघरात शिरणारा. तेव्हा ते शिडी लावून टपापर्यंत चढले. टाकीतली हवा वर सोडणारा पाइप असतो, त्याच्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. त्या वयात ते शिडीवर उभं राहून ते घर खरवडत होते, दोनदा डंख बसले, आणि शिडी कोणी धरली होती? सुनेने. खाली उतरल्यावर तिने बर्फ आणून दिला. तिच्या डोळ्यासमोर, हातभर अंतरावर, लाल मूठ बाहेर आलेली होती.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. न्हाणीच्या दारापाशी एक दिवा होता, टाकी भरली की तो लागतो. तो सारखा लागलेला असायचा. आबा म्हणाले, टाकी उघडी आहे, भरेल कशी? खोटारडा दिवा आहे. त्यांनी त्याची तार कापून टाकली. त्या अख्ख्या परसात खरं बोलणारा तेवढा एकच उरला होता.

आता भिंतीपलीकडचे शेजारी बोलायला लागले. वस्तीतल्या मुलांनी कॅम्परला एक नाव दिलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आबांना लागलं ते नातीचं बोलणं. ती रोज संध्याकाळी पायरीवर बसून त्यांना शाळेतलं काहीबाही सांगायची, आणि जहाल जिभेच्या या माणसाला तेवढा वेळ काय तो गोड जायचा. एक दिवस ती लांबच उभी राहिली आणि नाक दाबून म्हणाली, "आजोबा, तुम्हीच बाहेर या ना. तुम्हाला वास येतो." आबा बाहेर आले. ती आणखी दोन पावलं मागे सरकली. त्या संध्याकाळी त्यांनी साबणाने अंग घासघासून लाल केलं.

मुलाने सुनेला एकदा विचारलं की तुझ्या वडिलांच्या गाड्यांना असा वास यायचा का. ती म्हणाली, आमच्याकडची गिऱ्हाईकं सांगितलेलं ऐकायची. दुसऱ्या कोणी पुढे विचारलं असतं. याने चष्मा पुसला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने आबांना सांगितलं की रविवारी आपण वृद्धाश्रमात जातोय, खाट मिळाली आहे. तोवर वास थांबला तर बघू.

शनिवारी दुपारी आबांनी जे अगदी पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. शौचकुपाची पट्टी पायाने दाबून ठेवली की भांड्याच्या बुडाचं झाकण उघडतं आणि सरळ टाकीत दिसतं. त्यांनी विजेरी मारली. आत ढीग होता. पाणी नावाला नाही. मैला आणि कागद एकावर एक बसून, वाळून, भांड्याच्या बुडापर्यंत चढले होते, आणि ढिगाच्या कडेने थोडासा ओला ओघळ झडपेकडे गेलेला होता.

प्लंबरला आणखी काय सांगायला लागतं? पट्टीवरचा पाय तसाच राहिला. घराचा पाइप अरुंद असतो, पाणी लोटत नेतं. ही तर पसरट टाकी, हिला उतार कुठला? पाणी साचवल्याशिवाय जोर येणार नाही आणि जोराशिवाय काही हलणार नाही. शेंबड्या पोराला कळावं इतकं सोपं होतं. उघडी ठेवलीत तर नुसतं पाणी निघून जातं आणि बाकीचं तिथेच बसतं. शब्द न शब्द आठवला त्यांना, आवाजासकट.

उपायही तितकाच सोपा होता. मूठ आत ढकलायची, टाकीत साबणाचं पाणी भरायचं, काही दिवस भिजू द्यायचं, गाडी थोडी पुढेमागे हलवायची आणि एकदम सोडायचं. म्हणजे आज मुलाला एवढंच सांगायचं की थोडे दिवस दे, बिघाड सापडला. आबा धडपडत बाहेर आले, गाडीला वळसा घातला आणि लाल मुठीवर हात ठेवला. एक धक्का दिला की राहतं घर वाचणार होतं.

त्यांनी वर पाहिलं. खिडकीत सून भांडी घासत होती. तिचे हात थांबले. ती मुठीकडे बघत होती, मग त्यांच्याकडे.

"पाणी देऊ का, आबा?" ती म्हणाली. "पाइप लावून देते इथून."

तिच्या आवाजात काय होतं? मला विचाराल तर त्या क्षणी ती खरंच पाणी द्यायला तयार होती. एवढे दिवस ती खिडकीतून त्या मुठीवर डोळा ठेवून होती ती याच क्षणासाठी, आणि तो आल्यावर तिलाही तो थोडा कडूच लागला असेल. पण आयुष्यात ज्याने टोचल्याशिवाय कोणाला काही दिलं नाही, त्याला दुसऱ्याचं देणं टोचल्याशिवाय कसं घेता येईल? आबांना त्यात रंगाऱ्याचं हसू ऐकू आलं. आपल्यासमोर कोणीतरी वर्तमानपत्र पसरतंय असं त्यांना वाटलं.

"नको," ते म्हणाले, आणि मुठीवरचा हात काढला. "गाडीच भिकार आहे. तुझ्या बापाने भंगारात घालायची ती आपल्या गळ्यात मारली."

सुनेने नळ सोडला आणि भांडी विसळायला लागली.

रविवारी मुलाने जाताना पुन्हा एकदा विचारलं की आबा, नक्की बिघाड काय आहे. सून दारात होती, नात तिच्या मागे. आबा म्हणाले, सांगितलं ना, गाडी भिकार आहे. त्यांनी पान्यांची पिशवी बरोबर घेतली. वृद्धाश्रमाच्या दारात ती पिशवी काढून घेण्यात आली, कारण तिथे हत्यारं ठेवायची नाहीत असा नियम होता.

वृद्धाश्रम स्वच्छ होता. न्हाणीत ओळीने बेसिनं होती आणि त्यातलं एक गळत होतं. आबांनी व्यवस्थापकांना सांगितलं, वायसर गेलाय, पाना द्या, आत्ता करून देतो. व्यवस्थापक म्हणाले की प्लंबर येईल, तुम्ही पडा निवांत. प्लंबर काही आला नाही. आबांची खाट न्हाणीच्या भिंतीला लागून होती. दिवसा गलबल्यात कळायचं नाही, पण सामसूम झाली की थेंब ऐकू यायचा. एकदा त्यांनी उशीच्या अभ्र्याची दोरी काढून त्या नळाला बांधायचा प्रयत्न केला. गाठ कुठे मारायची ते त्यांना कळत नव्हतं. ते बायकोचं काम होतं.

मुलगा भेटायला आला तेव्हा पावलाला हलकेपणा होता. इकडचं तिकडचं झालं, आणि मग बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की कॅम्पर आता झकास आहे, परवा तलावाकाठी जाऊन आलो, छोटी रात्रभर त्यातच झोपली.

"वास?" आबांनी विचारलं.

वास गेला, मुलगा म्हणाला. हिनेच केलं सगळं. ती मूठ बंद करून टाकी पाण्याने भरून ठेवली, चार दिवस भिजवली, गाडी फिरवून आणली आणि सोडून दिली. त्या दिव्याची तारही जोडली. सोपं होतं म्हणे.

आबांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. पाय खाटेखाली चपला शोधू लागले.

"मग आता मला न्यायला काय हरकत आहे?"

मुलाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तो म्हणाला की मीही तेच म्हणालो. ही नाही म्हणाली नाही. फक्त एक विचारून या म्हणाली.

"ती म्हणते, मुठीचं तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं का, एवढंच विचारा. आबा खरं ते बोलले तर उद्या घेऊन या, मी स्वतः गादी घालते."

भिंतीपलीकडे थेंब पडत होता. साऱ्या वस्तीच्या पोटातलं कागदावर मांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घशातला एक शब्द मांडायचा होता. हो. इतकाच. पायरी, संध्याकाळ, नातीची बडबड, सगळं त्या एका शब्दापलीकडे होतं आणि ते आबांना चांगलं कळत होतं. त्यांनी तोंड उघडलंही. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. सुंभ जळतो हो, पण पीळ?

"नाही," ते म्हणाले. "मला कोणी काही सांगितलं नव्हतं."

मुलाने आणलेली फळं टेबलावर ठेवली आणि तो उठला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते आबांनी लगेच ओळखलं. गळती थांबली की गिऱ्हाईकाच्या तोंडावर येतं तेच होतं ते. त्याने वाकून नमस्कार केला, येतो म्हणाला, आणि जाताना न्हाणीचं दार नीट ओढून घेतलं.